जुन्या गाडीचं वायरिंग सेफ कसं करायचं, पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

जुनी गाडी घरी आली की सगळं लक्ष रंगाकडे, क्रोमकडे आणि इंजिनच्या आवाजाकडे जातं, वायरिंग तसंच डॅशबोर्डच्या मागे पडून राहतं, लाईट लागतायत ना, हॉर्न वाजतोय ना, मग झालं. माझंही तसंच होतं. एकदा रात्री हेडलाईट लावून चाललो होतो आणि रबर जळाल्याचा वास यायला लागला, मग स्टिअरिंगच्या खालून बारीक धूर, मी चावी बंद केली तरी धूर थांबेना, बॉनेट उघडलं तर बॅटरीचा टर्मिनल सोडवायला पाना हाताशी नाही, तो डिकीतून शोधून आणेपर्यंत फूटभर वायरचं इन्सुलेशन वितळून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी बघितलं तेव्हा कळलं की इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या भोकातला रबरी ग्रोमेट चुरा होऊन पडलेला, वायर वर्षानुवर्षं पत्र्यावर घासत होती आणि शेवटी आतलं तांबं बॉडीला लागलं. आणि फ्यूज? फ्यूज सगळे ठणठणीत. कारण त्या वायरला फ्यूजच नव्हता, गाडी बनवताना कंपनीने दिलाच नव्हता.

हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. साठ सत्तरच्या दशकातल्या कितीतरी गाड्यांमध्ये अख्ख्या गाडीला दोन किंवा चार फ्यूज असायचे. बॅटरीपासून फ्यूजबॉक्सपर्यंत, इग्निशन स्विचपर्यंत आणि बऱ्याच गाड्यांत हेडलाईटपर्यंत जाणारी वायर थेट बॅटरीला लागलेली, मध्ये काहीच नाही. बॅटरी साधी १२ व्होल्टची, हात लावला तर झटकासुद्धा बसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो, पण तीच बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते आणि बारीक वायर काही सेकंदात लाल होते. तिच्या शेजारून पेट्रोलचा रबरी पाइप गेलेला असतो. म्हणून वायरिंग सेफ करायचं म्हणजे नवीन लाईट, नवीन हॉर्न नाही, ज्या वायरला आज कोणीच वाली नाही तिला आधी संरक्षण द्यायचं.

काम सुरू करायच्या आधी

घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. धातूची अंगठी लाइव्ह टर्मिनल (बॅटरीचं बॉडीला न जोडलेलं टोक) आणि बॉडीच्या मध्ये आली तर ती बोटातच तापते, काढताही येत नाही.

मग तुमच्या गाडीचा अर्थ (earth), म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक गाडीच्या बॉडीला जोडलंय, ते बघा. आपण सगळे धरूनच चालतो की बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला असतो, पण साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असायचा. त्यातल्या काही मागच्या मालकांनी उलटवल्या, काही नाही उलटवल्या, त्यामुळे मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय त्यावर विसंबू नका, बॅटरीच्या कुठल्या टोकाची केबल बॉडीला बोल्ट केलीय ते डोळ्यांनी बघा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आजकालचा रेडिओ किंवा मोबाईल चार्जर नेहमीसारखा लावला की तो उलटा जोडला जातो. मी पुढे 'लाइव्ह' आणि 'अर्थ' असंच म्हणणार आहे, प्लस-मायनस नाही, म्हणजे दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागू पडेल.

बॅटरी सोडवताना नेहमी अर्थची केबल आधी काढायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. कारण सोपं आहे, लाइव्हचा नट आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तो पानाच शॉर्ट करतो, ठिणग्या उडतात. अर्थ आधी निघाला की मग पाना कुठेही टेकू दे, सर्किटच पूर्ण होत नाही. आणि नुकती चार्ज केलेली बॅटरी असेल तर थोडा वेळ उघड्यावर राहू द्या, चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि हवेत तो साधारण ४ टक्के झाला तरी एका ठिणगीने पेटतो.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, एक चांगला क्रिंपिंगचा पक्कड (इथे पैसे वाचवू नका, स्वस्तातला पक्कड लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, नुसती चेपतो, धरत नाही), हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आक्रसून जोडावर घट्ट बसणारी नळी), पॉलिश पेपर, आणि एक १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट, त्याला दोन वायरी आणि क्लिपा लावून. हा बल्ब पुढे फार उपयोगी आहे.

वायरिंग डायग्रामची प्रिंट काढा, मोठ्या कागदावर. रंग वाचताना एक सांभाळायचं, ब्रिटिश गाड्यांमध्ये तपकिरी वायर म्हणजे कायम लाइव्ह, तीही फ्यूज नसलेली, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी कायम लाइव्ह पण फ्यूजवाली, आणि काळी म्हणजे अर्थ. जर्मन गाड्यांमध्ये मात्र तपकिरी म्हणजे अर्थ आणि लाल म्हणजे बॅटरीची लाइव्ह. एका गाडीवर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर इथेच फसतो. आणि पन्नास वर्षांत मागच्या मालकांनी हाताला येईल त्या रंगाची वायर घातलेली असते, त्यामुळे रंग हा अंदाज, खात्री मीटरने.

पायरी १: बॅटरीचा कट-ऑफ स्विच

बाकी काहीच करायचं नसेल तरी एवढं याच आठवड्यात करा. त्या रात्री माझ्या गाडीत हा स्विच असता तर धूर पाच सेकंदात थांबला असता.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे बॅटरीच्या टर्मिनलवरच बसणारा, हिरवा किंवा लाल नॉब फिरवला की सर्किट तुटतं. हा अर्थच्या बाजूला लावा. बसवायला दहा मिनिटं लागतात. पण बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असेल तर हा प्रकार आणीबाणीत काही कामाचा नाही, तेव्हा केबलच्या मध्ये लावायचा फिरता स्विच घ्या आणि ड्रायव्हर सीटवरून हात पोचेल असा बसवा. विकत घेताना बघायचं की तो स्टार्टरचा करंट झेलणारा आहे का, सेल्फ मारताना दीडशे-दोनशे अँपिअर सहज जातात आणि थंडीत त्याहून जास्त, हलका स्विच आतून जळतो.

आता एक गोष्ट जी बरेच जण सांगत नाहीत. इंजिन चालू असताना हा साधा स्विच बंद केला तर इंजिन बंद पडेलच असं नाही, कारण डायनामो किंवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, जुन्या गाडीत डायनामो, नव्यात अल्टरनेटर) स्वतःच करंट देत राहतो. आणि अल्टरनेटरची गाडी असेल तर चालू इंजिनवर बॅटरी तोडल्याने व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्याच्या आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जाऊ शकतात. म्हणून क्रम पाठ करा, आधी चावी बंद, मग स्विच. रेसिंगच्या गाड्यांना लागतो तो स्विच वेगळा असतो, त्यात इग्निशन तोडणारे जादा कॉन्टॅक्ट आणि एक रेझिस्टर असतो, तो घेतला तर उत्तमच, पण जोडायला किचकट आहे, पहिल्या गाडीवर जाणकाराला बरोबर घेऊन करा.

गाडी उभी करून घरात जाताना रोज हा स्विच फिरवायची सवय लावा. बंद गॅरेजमध्ये रात्री पेटलेल्या गाडीकडे बघायला कोणी नसतं.

पायरी २: नुसतं बघणं

बॅटरी सोडवून, चांगला टॉर्च घेऊन, एक अख्खी दुपार द्या. काही दुरुस्त करायचं नाही, फक्त बघायचं, फोटो काढायचे आणि वहीत लिहायचं.

काय बघायचं तर, पत्र्यातून वायर जाते तिथला प्रत्येक ग्रोमेट, कडक झालाय का, फुटलाय का, जागेवर आहे का. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जवळून गेलेल्या वायरी. स्टिअरिंग कॉलमच्या खाली लोंबणाऱ्या, पेडलमध्ये अडकतील अशा वायरी. सीटच्या रेलखाली दबलेल्या. पेट्रोलच्या पाइपाला बांधलेल्या वायरी, हे तर दिसलं की लगेच वेगळं करा, पाइप आणि वायर एकाच क्लिपमध्ये कधीच नको. जुन्या दुरुस्त्या, म्हणजे दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, टेपचा चिकटपणा सुटून ती लोंबतेय. ते निळे चिमटा-कनेक्टर असतात बघा, जे वायर न कापता तिच्यावर दाबून बसवतात आणि आतलं पातं इन्सुलेशन फोडून तांब्याला लागतं, ते जिथे जिथे दिसतील तिथे खूण करा, ते पातं वायरचे धागे कापतं आणि फोडलेल्या जागेतून पाणी आत जातं.

मग वायर हलकेच वाकवून बघा. जुन्या रबराच्या, वरून सुती वेष्टन असलेल्या वायरी वाकवल्या की आतलं रबर भुकटी होऊन पडत असेल तर पुढे जाऊ नका. अशा गाडीत तुकडे जोडत बसण्यात अर्थ नाही, एक जागा सावरली की दुसरीकडे निघते, पूर्ण हार्नेसच, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगाच, बदला. नावाजलेल्या बऱ्याच मॉडेलना तयार हार्नेस मिळतात, सुती वेष्टनाचा जुना लुक आणि आत आजची पीव्हीसी वायर अशी सोय असते. सगळ्या गाडीला गरज नसते, कित्येकदा केबिनमधलं वायरिंग छान असतं आणि इंजिनच्या बाजूचंच उष्णतेने आणि तेलाने संपलेलं असतं.

घरच्या वायरिंगची वायर गाडीत दिसली तर काढून टाका. सिंगल कोअरची जाड तार गाडीच्या थरथरीने आतल्या आत तुटते आणि तिचं इन्सुलेशन इंजिनच्या उष्णतेसाठी, तेल-पेट्रोलसाठी केलेलंच नसतं.

पायरी ३: अर्थ

लाइव्हकडे सगळे बघतात, अर्थकडे कोणी बघत नाही, आणि जुन्या गाडीतल्या निम्म्या भुताटक्या अर्थच्या असतात. इंडिकेटर दिला की मागचा लाईट मंद होतो, ब्रेक दाबला की दुसराच बल्ब उजळतो, हे सगळं करंटला घरी जायचा सरळ रस्ता नसल्यामुळे.

पण यात धोका कुठे? तर इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून ते विजेच्या दृष्टीने अलग आहे, आणि त्यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते. ती पट्टी तुटली, सैल झाली, किंवा इंजिन उतरवल्यावर कोणी परत लावलीच नाही, तर सेल्फ मारताना तो दीडशे-दोनशे अँपिअर करंट दुसरा रस्ता शोधतो, आणि तो रस्ता म्हणजे चोकची केबल, एक्सलरेटरची केबल. त्या बारीक पोलादी तारा तापून लाल होतात, बाहेरचं प्लॅस्टिक वितळतं, आणि त्या जाऊन पोचतात कार्ब्युरेटरला. चोकची केबल ओढताना गरम लागली किंवा अचानक जाम झाली तर केबल बदलण्याआधी ही पट्टी बघा.

करायचं काय: बॅटरी ते बॉडी, बॉडी ते इंजिन किंवा गिअरबॉक्स, हे दोन्ही जोड सोडवा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा (रंगाच्या वर बोल्ट आवळला तर जोड फक्त बोल्टच्या आट्यांतून होतो), दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा, आणि मग वरून व्हॅसलिन किंवा ग्रीसचा हात मारा म्हणजे गंज येणार नाही. आधी ग्रीस आणि मग आवळणं असं नको. विणलेल्या पट्टीचे धागे हिरवे पडून तुटत असतील तर नवीनच घाला, महाग वस्तू नाही. पुढच्या लाईटांना आणि मागच्या लाईटांना वेगळी अर्थची वायर टाकली तर फारच चांगलं.

मोजायचं असं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या अर्थच्या शिशाच्या खुंटीवर (केबलच्या लगवर नाही, खुंटीवर), दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, इग्निशन कॉइलची (स्पार्कसाठी मोठं व्होल्टेज बनवणारी कॉइल) बारीक लाइव्ह वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि कोणालातरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२ व्होल्टच्या आसपास आलं तर छान, ०.५ च्या वर गेलं तर जोड कुठेतरी खराब आहे, एक एक जोड करत मागे या. हेडलाईट लावून लाईटच्या अर्थवर मोजलं तर ०.१ ते ०.२ च्या वर नको.

पायरी ४: हेडलाईटला रिले

हे मेन फ्यूजच्या आधी का, ते सांगतो. जुन्या गाडीत हेडलाईटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि डिपरच्या स्विचमधून फिरून जातो. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट, भागिले १२, म्हणजे १० अँपिअर, तेही झिजलेल्या पितळी कॉन्टॅक्टमधून. ६ व्होल्टची गाडी असेल तर तेवढ्याच वॅटला दुप्पट अँपिअर. स्विच तापतो, त्याचं बेकेलाइट तडकतं, आणि लाईटही पिवळा मंद पडतो. रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, तो लावला की डॅशबोर्डच्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, एका अँपिअरच्याही खूप खाली, आणि लाईटचा खरा करंट बॅटरीपासून सरळ लाईटकडे. मग जुन्या वायरींवरचा सगळ्यात मोठा बोजा कायमचा उतरतो, आणि बोजा उतरला की पुढे त्या वायरींना लहान फ्यूज लावता येतो. हा क्रम उलटा केलात तर मेन फ्यूज मोठा घ्यावा लागतो आणि मोठा फ्यूज बारीक वायरला वाचवत नाही.

रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीकडून येणारी वायर, ८७ मधून लाईटकडे, ८६ आणि ८५ ही कॉइलची दोन टोकं, एकाला जुन्या स्विचकडून लाईटला येणारी वायर आणि दुसऱ्याला अर्थ. पाच पायांचा रिले असेल तर मधला ८७ए रिकामा सोडा, पण त्यावर टोपी घाला, कारण रिले बंद असताना तो पाय लाइव्ह असतो. आत डायोड असलेला रिले घेतला तर ८५-८६ उलटसुलट चालत नाही, पॉझिटिव्ह अर्थवाल्यांनी साधा, डायोड नसलेला रिलेच घ्या.

दोन रिले लागतात, एक डिपरला, एक अप्परला. आणि फ्यूज चार, डावा डिपर, उजवा डिपर, डावा अप्पर, उजवा अप्पर, प्रत्येकी ७.५ किंवा १० अँपिअर. चार कशाला, एकात भागलं असतं असं वाटेल, पण रात्री वळणावर एकच फ्यूज उडाला आणि दोन्ही लाईट गेले तर काय होईल याचा विचार करा. एक बाजू गेली तर दुसरीवर गाडी बाजूला घेता येते.

बॅटरीकडून रिलेकडे जी नवीन वायर टाकाल तिलाही बॅटरीच्या अगदी जवळ, एका वीतेच्या आत, स्वतःचा फ्यूज हवा. फ्यूज रिलेजवळ लावून बॅटरीपर्यंतची वायर उघडी ठेवली तर आपण नवीन वायर घालून जुनीच चूक परत केली.

पायरी ५: मेन फ्यूज आणि बाकीचे फ्यूज

फ्यूज कोणाला वाचवतो? बल्बला नाही, रेडिओला नाही, वायरला. म्हणून फ्यूजचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो, वायर सतत झेलू शकते त्यापेक्षा फ्यूज मोठा नको. नेहमीच्या पीव्हीसीच्या ऑटो वायरमध्ये १ चौरस मिलिमीटरची साधारण ८.७५ अँपिअर झेलते, २ ची १७.५, ३ ची २७.५. पातळ पण कडक इन्सुलेशनची नवी थिनवॉल वायर तेवढ्याच तांब्यात जास्त झेलते, १ ची १६.५, २ ची २५, ३ ची ३३. वायरी एकत्र गुंडाळलेल्या असतील किंवा इंजिनजवळ असतील तर यातूनही थोडं कमी धरा.

मेन फ्यूज कुठे लावायचा ते डायग्राम बघून ठरवा. बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये बॅटरीची जाड केबल सेल्फच्या सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट सोडणारा मोठा विजेचा स्विच) मोठ्या बोल्टवर येते आणि त्याच बोल्टवरून एक-दोन मध्यम वायरी निघून फ्यूजबॉक्स, इग्निशन स्विच वगैरेकडे जातात. फ्यूज त्या मध्यम वायरींच्या सुरुवातीला लावायचा. जाड केबलला, म्हणजे सेल्फच्या केबलला, फ्यूज लावत नाहीत, तिथे जाणारा करंट इतका मोठा असतो की त्याला पुरेल असा फ्यूज काही उपयोगाचा राहत नाही. त्या केबलसाठी चांगलं इन्सुलेशन, टर्मिनलवर रबरी टोपी आणि मघाचा कट-ऑफ स्विच हेच संरक्षण. समजा मध्यम वायर जुन्या ३ चौरस मिलिमीटरची आहे, तर २५ चा फ्यूज लावा, हेडलाईट आता तिच्यावर नाहीत त्यामुळे तो पुरतो. अल्टरनेटरची मुख्य वायर मात्र वेगळी धरा, तिचा फ्यूज अल्टरनेटरच्या कमाल करंटपेक्षा मोठा हवा आणि वायर त्याहून जाड, कारण चालू गाडीत तो उडाला तर तोच व्होल्टेज उसळण्याचा प्रकार होतो.

यावरून आठवलं, डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असलेल्या गाडीत डायनामो काढून अल्टरनेटर बसवला असेल तर तिथे ताबडतोब लक्ष द्या. जुना डायनामो साधारण २२ अँपिअर द्यायचा आणि मीटर ३० पर्यंतचा, आता अल्टरनेटर ४५ किंवा जास्त देतो आणि तो सगळा करंट डॅशबोर्डच्या मागून त्या मीटरच्या दोन बोल्टमधून जातोय, बिना फ्यूजचा. मीटर दिखाव्याला ठेवा, वायरी बायपास करा आणि व्होल्टमीटर लावा, तो बॅटरीबद्दल जास्त सांगतोही.

आता जे फ्यूज गाडीत आधीच आहेत त्यांच्याकडे. काचेचे फ्यूज असतील तर आकड्यात एक मोठी गल्लत होते. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं ते तो ज्या करंटला उडतो त्याचं आहे, सतत झेलायचा आकडा १७ आहे. अमेरिकन पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर सतत झेलायचा आकडा लिहितात. म्हणजे जुना ३५ चा गेला म्हणून दुसऱ्या पद्धतीचा ३५ चा घातला तर आपण दुप्पट फ्यूज घातला, आणि वायर आधी जळेल. तिथे १५ चा घाला. युरोपियन गाड्यांतले दोन्हीकडे निमुळते, चिनी मातीचे फ्यूज असतील तर त्यांच्या टोकांवर आणि क्लिपांवर पांढरट थर साचतो, जोड तापतो आणि फ्यूज न उडता फ्यूजबॉक्सचं प्लॅस्टिकच वितळतं. वर्षातून एकदा सगळे काढून क्लिपा घासायच्या, पकड सैल असेल तर हलकेच आत दाबायच्या. फ्यूजऐवजी सिगरेटच्या पाकिटाची चांदी किंवा तार गुंडाळलेली दिसली तर काढाच, पण कोणाला ती का गुंडाळावीशी वाटली ते शोधा, बहुधा त्या लाईनवर कुठेतरी शॉर्ट आहे.

जादा गोष्टींसाठी, चार्जर, पंखा, फॉगलाईट, नवीन ब्लेड फ्यूजचा छोटा बॉक्स वेगळा लावा, मूळ फ्यूजबॉक्सवर ओझं टाकू नका. ब्लेड फ्यूजचे रंग सगळीकडे सारखे असतात, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा, त्यामुळे चुकायची शक्यता कमी.

इग्निशन कॉइलच्या लाईनला फ्यूज लावावा का यावर लोक भांडतात. बऱ्याच कंपन्यांनी तो मुद्दाम दिला नाही, कारण फ्यूज उडाला की गाडी भर रस्त्यात बंद. माझं मत, ती लाईन मेन फ्यूजच्या मागे येते तेवढं बास, वेगळा नको, त्याऐवजी ती वायर नवीन आणि नीट टाका. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकत बसू नका, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले कॉइलचा करंट चालू-बंद करणारे कॉन्टॅक्ट) बंद स्थितीत थांबले असतील तर कॉइलमधून सतत करंट जाऊन ती तापत राहते.

पायरी ६: जोड

थोडक्यात सांगतो कारण हे हातानेच शिकायचं आहे. वायर सोलताना धागे तोडू नका, वायरच्या जाडीचाच लग घ्या, क्रिंप केल्यावर जोरात ओढून बघा, निघाला तर तुमच्या हातात निघाला, बरंच झालं. हीट श्रिंक वायरमध्ये आधी घालून ठेवा. सोल्डर करणं वाईट नाही, पण सोल्डर धाग्यांतून वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन थरथरीने तुटते, म्हणून सोल्डर केलेल्या जोडाजवळ वायरला आधार हवाच. प्रत्येक भोकात नवीन ग्रोमेट, आणि दर वीतभर अंतरावर क्लिप, लोंबणारी वायर ही घासणारी वायर.

इलेक्ट्रिक पेट्रोल पंप असेल तर

मूळ मेकॅनिकल पंप इंजिन थांबलं की थांबतो. इलेक्ट्रिक पंप चावी ऑन आहे तोवर चालतो, म्हणजे गाडी धडकली, इंजिन बंद पडलं, पाइप तुटला, तरी पंप पेट्रोल ओततच राहतो. त्याच्या लाइव्ह वायरमध्ये इनर्शिया स्विच घाला, धक्का बसला की तो सर्किट तोडतो, किंवा इंजिन फिरत नसेल तर पंप बंद करणारा खास रिले घाला. स्विच सरळ उभा, बॉडीच्या पक्क्या भागावर बसवायचा. हे ऐच्छिक धरू नका.

आणि अग्निशामक, केबिनमध्ये, ब्रॅकेटमध्ये पक्का, बसल्या जागेवरून काढता येईल असा. डिकीत नको. ड्राय पावडरचा चालेल, नंतर साफसफाई खूप करावी लागते पण गाडी राहते. धूर बॉनेटमधून येत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडकतं, जराशी फट करून त्यातून मारा, आणि आटोक्यात येत नसेल तर लांब व्हा.

परत जोडताना

सगळं झालं म्हणून एकदम बॅटरी जोडू नका. इथे तो २१ वॅटचा बल्ब. सगळे स्विच बंद, दारं बंद, घड्याळाचा फ्यूज काढलेला, लाइव्ह केबल जोडलेली, आणि अर्थची केबल जोडायच्या जागी बॅटरीची अर्थची खुंटी आणि ती केबल यांच्यामध्ये हा बल्ब लावा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटेल, पण बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे काही जळणार नाही, आरामात एक एक फ्यूज काढून शोधा कुठे आहे ते. बल्ब पेटला नाही तर मग मीटर १० अँपिअरच्या रेंजवर तिथेच लावून बघा, ज्या जुन्या गाडीत रेडिओ किंवा अल्टरनेटरसुद्धा नाही तिथे शून्य दिसायला हवं, अल्टरनेटर, रेडिओ असेल तर काही मिलिअँपिअर, ५० च्या वर असेल तर काहीतरी चालू राहतंय. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

मग बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत, १५ च्या जवळ जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) बघा, कारण जास्त व्होल्टेजने बॅटरी उकळते आणि हायड्रोजन सोडते. शेवटी हेडलाईट, वायपर, जे काही आहे ते सगळं लावून वीस मिनिटं गाडी चालू ठेवा, बंद करून अर्थ सोडवा, आणि प्रत्येक नवीन जोडाला, रिलेला, फ्यूजच्या क्लिपला, स्विचच्या मागच्या बाजूला बोट लावत फिरा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तो जोड सोडवून परत करा, आणि पहिल्या महिन्याभरानंतर ही फेरी पुन्हा एकदा मारा, कारण नवीन आवळलेले नट थरथरीने थोडे बसतात आणि सैल होतात.